काचेच्या हौदाखालची बाज

अक्काच्या उशीवर माती पडायला लागली तेव्हा तिला नववा महिना लागला होता. पिठासारखी बारीक, पांढरी माती. माय सकाळी उशी झटकायची आणि म्हणायची, "वाळवी लागली वाटतं वरी." दुपारी पाहावं तर पुन्हा तेवढीच माती.

अक्का माझी थोरली बहीण. मुखेडहून पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं लातूरला आली होती. आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत चूल आणि अण्णांची बसायउठायची जागा, आतल्या अंधाऱ्या खोलीत अक्काची बाज. बाजेच्या बरोबर वर एक सागवानी तुळई होती. आणि त्या तुळईच्या बरोबर वर, घरमालकांच्या दिवाणखान्यात, पाच फूट लांबीचा काचेचा हौद होता. हौदात मासे होते.

हे आज मी एका दमात सांगते आहे. तेव्हा या तीन गोष्टी एकाखाली एक आहेत हे दिसायला मला दीड महिना लागला. आणि मधल्या काळात मी जे केलं ते केलं नसतं तर बरं झालं असतं.

लातूर तेव्हा नवा जिल्हा होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ओला होता. अण्णा, म्हणजे आमचे वडील, नांदेडला कारकून होते, त्यांची बदली नव्या जिल्ह्याच्या कचेरीत झाली. अशी शेकडो माणसं बदलून आली होती आणि सगळ्यांना खोल्या हव्या होत्या. ज्याच्या घरावर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, होतं त्यानं माळवदावर माडी चढवली आणि भाडेकरू ठेवला. आम्ही खोल्या बघायला जायचो. घरमालक आधी विचारायचा, "आडनाव काय?" अण्णा सांगायचे. मग ती खोली कालच दुसऱ्याला दिलेली असायची. आजोबांनी धम्म स्वीकारला त्याला मोप वर्षं झाली होती, पण भाड्याच्या खोलीपुढं ती वर्षं मोजली जात नव्हती.

एकट्या गुरुजींनी आडनाव विचारलं नाही. ते निवृत्त मुख्याध्यापक. आख्खी गल्ली त्यांना गुरुजीच म्हणायची. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "पोरगी कितवीत शिकते?" मी म्हणाले, "अकरावी सायन्स." ते म्हणाले, "मग खिडकीजवळ टेबल लावा हिला. उजेड तिथंच येतो." आणि किल्ली अण्णांच्या हातावर ठेवली. अण्णा त्या दिवशी घरी येऊन किल्ली मुठीतच धरून बसले. उपकाराचं ओझं काय असतं ते मी पहिल्यांदा त्यांच्या खांद्यावर पाहिलं.

गुरुजी आणि काकू माडीवर राहायचे. त्यांचा मुलगा पुण्याला. माडी नवी होती, पण तिच्याखालचं घर जुनं. दगडमातीच्या जाड भिंती, त्यावर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळकुटांचं किलचन, त्यावर पाला, आणि पाल्यावर पांढरी माती. आमच्याकडची सगळी माळवदं अशीच. दर उन्हाळ्यात, मिरगाच्या आधी, गळू नये म्हणून माळवदावर पांढऱ्या मातीच्या नव्या पाट्या टाकायच्या आणि चोपून बसवायच्या. जुनी माती कुणी काढत नाही. बापानं टाकली, त्यावर मुलानं टाकली. गुरुजींनी माडी बांधताना ती माती तशीच ठेवली, वरून सारखी केली आणि तिच्यावर शहाबादी फरशी बसवली. मग चारचौघांत फरशीवर टाच आपटून ते म्हणायचे, "दीड हात जाडीची जमीन आहे ही. हत्ती नाचवा."

आता माझं सांगते. अण्णा नोकरीला लागायच्या आधी एका लहान छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. सभांची, मोर्चांची, जयंतीची पत्रकं. एक-एक प्रत ते घरी आणायचे. पत्र्याच्या पेटीत ती सगळी रास होती. मी वाचायला शिकले ते त्या पत्रकांवर. गोष्टीच्या पुस्तकांआधी मला 'बंधूंनो आणि भगिनींनो' माहीत होतं. जगात जे काही चुकीचं आहे ते चार परिच्छेदांत सांगता येतं आणि खाली 'जागे व्हा' लिहिलं की माणसं जागी होतात, असं मला मनापासून वाटायचं.

त्या वर्षी पाऊस आला नाही. त्याच्या आदल्या वर्षीही धड आला नव्हता. नळ कोरडे पडले, गल्लीच्या तोंडाशी चार-चार दिवसांनी टँकर यायला लागला. घरटी आठ घागरी. रांगेत घागरी ठेवून बायका भिंतीच्या सावलीला बसायच्या. कुणाची घागर पुढं सरकली यावरून झिंज्या धरण्यापर्यंत गोष्ट जायची.

आणि त्याच उन्हाळ्यात तो हौद आला. गुरुजींचा एक जुना विद्यार्थी जिल्ह्यात मोठा साहेब झाला होता. त्याची बदली झाली. बंगल्यातला माशांचा हौद बरोबर नेता येईना, म्हणून त्यानं तो गुरुजींना भेट दिला. लोखंडी अँगलच्या चौकटीत बसवलेल्या जाड काचा, खाली टेकवायला लोखंडी घोडा. मालमोटारीतून आला. आठ माणसांनी जिन्यावरून चढवला. गुरुजी वरून सांगत होते, "मधोमध घ्या, मधोमध! खिडकीचा उजेड आरपार गेला पाहिजे." मग तळाशी वाळू आणि गोटे पसरले. मग पाणी.

ते पाणी मी पाहिलं. टँकरवरून दोन गडी घागरी उचलून वर नेत होते. मी जिन्याखाली उभी राहून मोजल्या. अडतीस.

काकू जिन्यात कपाळावर पदर ओढून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "बघ बाई. ह्यांना माणसांपेक्षा मासे बरे वाटतात. चाळीस वर्षं पोरांनी डोकं खाल्लं ना. हे आपले तोंड उघडतात, पण आवाज येत नाही."

मला हसू आलं नाही. माय त्या दिवशी एका घागरीत सगळ्यांची आंघोळ बसवत होती.

अक्काच्या उशीवर माती पडायला लागली ती त्यानंतर दोन दिवसांनी. मी रोज ती माती पाहत होते. पण माझ्या डोक्यात अडतीस घागरी होत्या. मी पत्रक लिहिलं. कॉलेजातल्या मैत्रिणीच्या मामांकडं सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं, तिथं शंभर प्रती काढल्या. मथळा होता, 'माणसांना घागर, माशांना हौद'. नाव कुणाचं टाकलं नाही. रांगेत वाटलं, खांबांना चिकटवलं.

अण्णांनी एक प्रत बाहेरून आणली आणि माझ्यापुढं धरली.

"लिहिलंस चांगलं," ते म्हणाले. "नाव टाकलं न्हाईस, हेबी चांगलं केलंस. पण पोरी, या गल्लीत मासे असलेलं घर एकच हाय."

"खोटं काय लिहिलंय त्यात?"

"खोटं काहीच न्हाई." ते खाली बसले. "खरंच हाय सगळं. म्हणूनच म्हणून राहिलो. आता अक्काचे दिवस भरलेत. कुठं जायचं आपण?"

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "बापानं लोकाईची पत्रकं छापली तवा कवा आमाला घर सोडावं लागलं न्हाई. तू सोडायला लावशील."

गुरुजींनी घर सोडायला सांगितलं नाही. ते त्या जातीचे नव्हतेच, आणि हा शब्द मी जाणून वापरते आहे. त्यांनी दुसरंच केलं. रांगेतल्या बायकांनी काकूंना टोमणे मारले होते. 'मासोळ्यांची सासू आली, सरका.' काकू रिकाम्या घागरी घेऊन रडत वर गेल्या. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी गल्लीत सगळ्यांसमोर सांगितलं की आजपासून ते टँकरचा एक थेंब घेणार नाहीत, त्यांच्या वाटच्या आठही घागरी गल्लीनं वाटून घ्याव्यात. ओळखीच्या एकाच्या मळ्यातल्या विहिरीला अजून पाणी होतं. तिथून बैलगाडीनं आठवड्याचं पाणी एकदाच आणायचं त्यांनी ठरवलं. त्यासाठी दोन लोखंडी ड्रम आणले. ते कुठं ठेवायचे? हौदाजवळ. कारण पाणी माशांनाही लागायचं आणि बादली उचलून लांब नेणं त्यांना वयानं जमत नव्हतं.

दोन ड्रम. एकेकात दोनशे लिटर. माझ्या पत्रकानं ते वर चढवले.

त्या आठवड्यात अक्का बाळंत झाली. मुलगी झाली. सरकारी दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आणली आणि त्याच बाजेवर निजवली. आता माती अक्काच्या उशीवर आणि बाळाच्या दुपट्यावरही पडायला लागली. बाळाच्या डोळ्यांत काजळ घातलं की काजळावर पांढरी धूळ बसायची. मायनं बाजेवर आडवं लुगडं बांधलं. दोन दिवसांत लुगडं ओंजळभर मातीनं मधोमध खाली आलं. आतल्या खोलीचं दार चौकटीत घासायला लागलं. ते वरच्या बाजूनं घासत होतं. अण्णा म्हणाले, "उन्हानं लाकूड फुगलं असंल." उन्हानं लाकूड फुगत नाही हे मला माहीत होतं. पण मीही काही बोलले नाही, कारण दुसरं कारण मला सुचत नव्हतं.

कारण सांगितलं ते सुतारचाचांनी. पाळणा टांगायला तुळईत कडी ठोकायची होती म्हणून अण्णांनी त्यांना बोलावलं. म्हातारे, पण हात तरणा. त्यांनी बाज बाजूला करायला सांगितली, स्टुलावर चढले, तुळईवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. कान लावला. मग भिंतीपासून भिंतीपर्यंत तुळईवर हात फिरवत गेले आणि मधोमध आल्यावर थांबले. खाली उतरले आणि हत्यारं पिशवीत टाकायला लागले.

"चाचा, कडी?" मायनं विचारलं.

"कडी न्हाई मारत मी हिच्यात." ते माझ्याकडं वळले. "बेटी, वर काय ठेवलंय?"

"माशांचा हौद. आणि पाण्याचे ड्रम."

"कुठं?"

मी बोट वर केलं. आमच्या दोघांच्या डोक्यावर.

"पोट सुटलंय तुळईला," चाचा म्हणाले. "उभ्या तुळईच्या पोटावर उभाच हौद ठेवलाय. एकटीनं उचलून राहिली सगळं. भिंतीच्या कडंला ठेवला असता, तुळयांच्या आडवा, तर चौघींनी वाटून घेतला असता." मग त्यांनी अक्काची बाज धरून स्वतः भिंतीकडं ओढली, पार कोपऱ्यात. "हितं निजायचं. मधात न्हाई. समजलं का बेटी? कुणीबी मधात न्हाई."

"बाहेरच्या खोलीत नेऊ का?" मी विचारलं.

माय मधेच बोलली, "चुलीच्या धुरात? आठ दिवसाची बाळंतीण? दार सदा उघडं, गल्लीतल्या गरम झळा. लेकराला काही झालं तर?"

चाचांनी जाताना मला एक गोष्ट शिकवली. तुळईच्या दोन्ही टोकांना, भिंतीत, तुळईच्या चार बोटं खाली एकेक खिळा मारायचा. दोन्ही खिळ्यांना दोरी ताणून बांधायची. मग मधोमध दोरी आणि तुळई यांच्यात किती बोटं मावतात ते पाहायचं. "चार मावली तर तुळई सरळ. कमी मावली तर तेवढी ती खाली आली. रोज बघ. मला येऊन सांग."

मी दोरी बांधली. मधोमध तीन बोटं गेली.

मग मी वही घेतली. हौद पाच फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. वीस घनफूट. एका घनफुटात अठ्ठावीस लिटर पाणी, म्हणजे अठ्ठावीस किलो. पावणेसहा क्विंटल नुसतं पाणी. काच, लोखंड, गोटे, वाळू धरून सात. दोन ड्रमांचे चार. ज्वारीची अकरा पोती. हे गणित मला पत्रकाच्या आधी येत होतं. घागरी मोजायच्या वेळी मी पाण्याची चोरी मोजली, पाण्याचं वजन मोजलं नाही.

वही घेऊन मी वर गेले. गुरुजी हौदापुढं खुर्ची टाकून बसले होते. मासे सोनेरी होते, एक काळा, मोठ्या डोळ्यांचा. उजेड खरोखर आरपार जात होता. गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"पत्रकाचा दुसरा अंक का? घागरी मोजायला जिन्याखाली तूच उभी होतीस." ते म्हणाले.

"गुरुजी, पत्रकाचं न्हाई. खाली तुळई वाकून राहिली."

"पाण्यावरून बोललीस, मी पाणी सोडलं. आता वजनावरून. उद्या म्हणशील मासे बामणाचे आहेत."

"गुरुजी, अकरा क्विंटल होतात. हे बघा."

त्यांनी वही घेतली. शिक्षकाची सवय, आधी आकडे तपासले. "गणित बरोबर आहे," ते म्हणाले. "पण तू जमीन धरलीच नाहीस. दीड हात जाडी आहे. माझ्या मुलाच्या लग्नात साठ माणसं जेवली या फरशीवर. साठ माणसांचं वजन कर. तीस क्विंटल. तडा तरी गेला?"

"माणसं जेवून उठली, गुरुजी. आणि साऱ्या खोलीत बसली होती. हौद एका जागी रात्रंदिवस उभा आहे."

त्यांनी आकड्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. मला वाटलं पटलं. मग त्यांनी वही मिटून परत दिली. "चाळीस वर्षांत कुणी माझ्याविरुद्ध एक चिठ्ठी लिहिली नव्हती. ज्यांना मी विचार न करता घर दिलं त्यांनी लिहिली. आता तू आणलेल्या कुठल्याही कागदावर माझा विश्वास बसत नाही. यात माझा दोष आहे का, तूच सांग."

वाकून पाया पडावं असंही वाटलं आणि हौदावर दगड घालावा असंही वाटलं. मी एवढंच म्हणाले, "खाली येऊन एकदा बघा."

"बघेन," ते म्हणाले.

ते आले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही राहायला आल्यापासून ते आमच्या उंबऱ्याच्या आत कधीच आले नव्हते. ओट्यावर उभं राहून बोलायचे, माझी पुस्तकं मागून घ्यायचे, बाळाला बघायला आले तेही दारातूनच, मायनं बाळ बाहेर आणून दाखवलं. हे त्यांच्या मनात होतं की नुसती सवय होती, मी आजही सांगू शकत नाही. पण वरून फक्त फरशी दिसते. तुळई खालूनच दिसते. त्या घराचा मालक आपल्या तुळईखाली कितीक वर्षांत उभा राहिलेला नव्हता.

रोज सकाळी मी दोरी बघायची. अडीच बोटं. दोन दिवस अडीच. बैलगाडीनं ड्रम भरले त्या दिवशी दोन. अक्का कोपऱ्यातून माझ्या हाताकडं बघत राहायची. ती मला विचारायची नाही. मी स्टुलावरून उतरले की ती बाळाला आणखी भिंतीकडं सरकवायची.

बाराव्या दिवशी नाव ठेवायचं होतं. आणि आदल्या दिवशी काकू खाली आल्या, चेहरा उजळलेला. "हे म्हणताहेत नामकरण वरच करा. खाली माणसं मावणार नाहीत. फरशी मोठी आहे. झालं गेलं विसरून जाऊ."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या समाजाची चाळीस-पन्नास माणसं, बुद्धवंदना, आणि ती गुरुजींच्या दिवाणखान्यात. लातुरात ही गोष्ट लहान नव्हती. गुरुजी माझ्या पत्रकाला त्यांच्या परीनं उत्तर देत होते, आणि ते उत्तर मोठ्या मनाचं होतं. मी म्हणाले, "अण्णा, नको." अण्णा पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "तुला माणसाचं चांगुलपण दिसतच न्हाई का? त्या पेटीतल्या कागदांनी डोळे गेले तुझे!"

मी सुतारचाचांकडं गेले. ते निलंग्याला कामावर गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं यायला लागली. पांढरी लुगडी, पांढरे सदरे. मुलं आधीच वर पळाली होती, मासे बघायला. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर आडवी उभी राहिले.

"सरक गं," मावशी म्हणाली.

"वर कुणी जायचं न्हाई."

"का? मासे चावतेत का?" माणसं हसली.

"माडी पडंल."

हसू थांबलं. अण्णा गर्दीतून पुढं आले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माझ्या दंडाला धरून त्यांनी मला ओढलं, मी कठडा सोडला नाही. वरून गुरुजी आले. स्वच्छ धोतर, कोट. सगळ्यांसमोर ते तीन पायऱ्या वर आणि मी खाली.

"काय चाललंय हे?"

"गुरुजी, तुम्ही खाली या," मी म्हणाले. "एकदा. आमच्या आतल्या खोलीत. मग म्हणाल तर मी सगळ्यांचे पाय धरते आणि बाजूला होते."

ते हलले नाहीत. मग मी जे बोलले ते पत्रकात लिहिता आलं नसतं. "तुम्ही आडनाव विचारलं न्हाई. पण आमच्या घरातही कधी आला न्हाईत."

एक मूल वरून ओरडलं, "काळा मासा! काळा मासा!" आणि धावण्याचा आवाज आला.

गुरुजी खाली आले. माझ्या बाजूनं गेले, उंबऱ्यापाशी क्षणभर थांबले, मग चपला काढल्या आणि आत आले. अंधारात त्यांना आधी काही दिसेना. मी कंदील वर धरला. अक्का कोपऱ्यात बाळाला छातीशी धरून बसली होती. खोलीची मधली जागा रिकामी होती. तिथं चार दिवस कुणी पाय ठेवला नव्हता, आणि जमिनीवर पांढऱ्या मातीची एक सरळ रेघ पडली होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत, तुळईच्या खाली तुळईएवढीच लांब.

गुरुजींनी ती रेघ पाहिली. मग वर पाहिलं. मग दोरी. त्यांना ती दोरी काय आहे हे सांगावं लागलं नाही. त्यांनी हात वर केला, स्टुलाची गरज पडली नाही, ते उंच होते. दोरी आणि तुळई यांच्यात त्यांनी बोटं घातली. एक बोट गेलं. दुसरं अर्धं अडकलं.

त्याच वेळी वर मुलं पुन्हा धावली आणि तुळई वाजली. करकर नव्हे. वाळलेला ऊस मोडल्यासारखा एकच आवाज. तुळईच्या पोटाला उभी चीर पडली आणि तिच्यातून माती नव्हे, भुगा आला.

गुरुजी बाहेर धावले. म्हातारा माणूस इतक्या मोठ्यानं ओरडू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. "पोरं उतरवा! भिंतीच्या कडेकडेनं! धावू नका, कुणी धावू नका!" माय अक्काला आणि बाळाला भिंतीला घासत बाहेर घेऊन आली. शेवटचं मूल उतरेपर्यंत गुरुजी जिन्याच्या तोंडाशी हात पसरून उभे होते.

मग गल्लीनं हौद रिकामा केला. नळी लावून, खिडकीतून, खाली घागरी धरून. ज्या बायकांनी टोमणे मारले होते त्याच घागरी धरत होत्या. शेवाळाच्या वासाचं पाणी, कुणाच्या प्यायला उपयोगी नाही, भांड्यांना आणि लिंबाच्या आळ्याला गेलं. मासे काकूंच्या पितळी पातेल्यात टाकले. उन्हानं पाणी तापलं. काळा मासा सगळ्यांत शेवटी मेला. पाणी उतरत गेलं तशी मी दोरी बघत होते. दीड बोटाची दोन बोटं झाली. ड्रम ओतल्यावर मी पुन्हा पाहिलं. दोनच. मग ती तुळई पुढं वर गेली नाही.

नाव ओट्यावर ठेवलं. गुरुजी आमच्या माणसांत मांडी घालून बसले होते. माझ्याशी ते त्यानंतरही फारसं बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "वही ठेव ती."

सुतारचाचा आले आणि तुळईखाली बाभळीचा टेकू दिला. पाचर ठोकताना ते म्हणाले, "पाणी तर आत्ता आलं, आत्ता गेलं. मातीचं काय?"

"माती तर होतीच," गुरुजी म्हणाले.

"तेच तर. तुमच्या आज्यापासनं चढून राहिली. तुमी जाडी म्हणता. तुळईला इचारा, ती ओझं म्हणंल."

गुरुजींनी वर किलचनाकडं पाहिलं. पाऊस होऊन गेला की माती उतरवू, असं ते म्हणाले. मी त्याच संध्याकाळी वहीत दुसरं गणित केलं. खोली दहा फूट बाय दहा फूट. माती दीड हात, म्हणजे सव्वादोन फूट. एक घनफूट चोपलेली माती अर्धा क्विंटलच्या आसपास. मी तीनदा केलं, कारण उत्तर चुकलं असावं असं वाटत होतं. हौद आणि ड्रम मिळून अकरा पोती. माती शंभरावर. अक्का इतके दिवस अकरा पोत्यांखाली निजली म्हणून मी आकांत केला होता. आम्ही सगळेच शंभर पोत्यांखाली जेवत होतो, निजत होतो, आणि उन्हाळ्यात म्हणत होतो, घर किती थंड आहे.

तीन महिन्यांनी मी अक्काला आणि बाळाला मुखेडला पोचवायला गेले. एसटी बाजारापाशी थांबली. तिचं सासर जवळच. आत शिरले तर खोलीत गारवा. अक्काच्या सासूबाईंनी पाळणा आधीच टांगून ठेवला होता, मधल्या तुळईला, मधोमध. बाळाला त्यात घातलं, ते लगेच झोपलं.

मी पिशवीतून दोरी काढली. दोन खिळे मागितले.

"काय करून राहिलीस गं पोरी?" अक्काच्या सासूबाई म्हणाल्या. "लातूरची शिकलेली पोरगी, घरात आली की भिताडाला खिळे."

"सासूबाई, मारू द्या तिला," अक्का म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

चार बोटं खाली खिळे मारले. दोरी ताणली. त्याच वेळी वर माळवदावर पावलं वाजली आणि काहीतरी जड, मऊ, ओतल्याचा आवाज झाला. मग पुन्हा एकदा.

"कोण आहे वर?" मी विचारलं.

"दाजी तुझे," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "लेकरू येणार म्हणून सकाळधरनं पांढरी टाकून राहिला. औंदा आभाळ भरून येऊन राहिलं, पाऊस होणार. गळायला नको लेकराच्या अंगावर."

मी पाळण्याशेजारी स्टुलावर चढून हात वर केला. दोरी आणि तुळई यांच्यात एक बोट गेलं. दुसरं गेलं नाही. वर आणखी एक पाटी पडली, आणि पाळण्यात झोपलेल्या बाळाच्या कपाळावर पिठासारखी थोडी माती आली.